हात हलवत

तुर्कूच्या बंदरावर गर्दी जहाजातून सांडते:
बारा मिनिटांत तीनशे माणसं,
बॅगा, पेंगुळलेली पोरं, रात्रभराची बिअर,
मग अडीच तास कुणीच नाही.
नळ विकणारे याबद्दल काही विचारत नाहीत.
त्यांच्या माहितीपत्रकात एक गोरा हात असतो
आणि एक थेंब, कायम पडायच्या बेतात.

मी आधी वजन पाहतो.
पितळ हाताला कळतं.
प्लास्टिकवर चढवलेला मुलामाही कळतो.
मग विचारतो, झडप सुटी मिळेल का,
आणि डोळा कुठे आहे, टोकाला की बुंध्याशी?
बुंध्याशी असला तर चकचकीत बेसिन त्याला भूल घालतं,
रात्री एकटाच वाहतो,
झोपेत बोलणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

पहिले आठ बॅटरीवरचे घेतले, स्वस्त पडले म्हणून.
जूनमध्ये, सुट्टीच्या आदल्या दिवशी,
आठातले पाच एका तासात मेले.
एकाच दिवशी घातलेल्या बॅटऱ्या, दुसरं काय होणार.
साबण लावलेली माणसं तोटीखाली हात हलवत राहिली
आणि हात हलवतच परत गेली.

वायर न्यायची तर जुनी फरशी फोडायची.
'फरशी' म्हटलं की व्यवस्थापक पिर्को चष्मा काढून ठेवते,
म्हणजे बैठक संपली.

उरला तिसरा प्रकार.
पाण्याच्या वाटेत अक्रोडाएवढं चक्र,
पाणी जातं, ते फिरतं,
स्वतःपुरती वीज गाठीला बांधतं.
कमावून खाणारा नळ. मला पटला.

नमुना बसवला. मी हात धरला, पाणी आलं.
पिर्कोनं धरला, आलं.
होदान कोपऱ्यात फरशी पुसत होती. तिला म्हटलं, तूही बघ.
तिनं हात धरला, पालथा.
नळ गप्प.
तिनं हात उलटला, तळवा वर. आलं.
पुन्हा पालथा. गप्प.
"विमानतळावरचेही असेच," ती म्हणाली,
"मी आधीच तळवा वर करते. मागतात ना, तसा."

कुणाला पाण्यात पाहू नये म्हणतात.
हा तर तिला पाहतच नव्हता.
तेवीस वर्षं नळ निवडतोय मी,
आणि नळही निवडतोय, हे आज कळलं.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, स्क्रू फिरवा, नजर वाढेल.
वाढली. मग तो बेसिनलाच माणूस समजू लागला.
परत पाठवला. पुढचाही.
चौथा आला तो उजेड मोजत नाही, अंतर मोजतो.
होदाननं पालथा हात धरला.
पाणी आलं.
ती काही बोलली नाही. सावकाश बोटं धुतली,
नखांपर्यंत, तिचा हात तसा स्वच्छच होता.

नाताळात जहाजं बंद. चक्रं फिरत नाहीत,
नळ उपाशी राहतात.
त्यासाठी मी वहीत एक ओळ लिहिली होती:
दिवसातून दोनदा सगळे चालवणे.
पंचवीस तारखेला किल्ली विसरलो म्हणून गेलो,
तर दिवे अर्धेच लागलेले,
आणि होदान रांगेनं चालली होती,
एकेका तोटीखाली पालथा हात धरत,
मागे एकेक धार थांबत होती.

सातवा अजून ठिबकतो.
वॉशर मागवलाय तांपेरेहून.