पाणी कुठे मुरतं

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलाय.
एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर तुझी चष्म्याची डबी.
डुलुथपासून थेट कॅनडाच्या नाक्यापर्यंत
सुपीरियरचा काठ, घडी घालून घालून विरलेला,
आणि बॅप्टिझम नदी सरोवराला मिळते
नेमका तिथेच फाटलेला.

कामगार दिनाचा सोमवार धरून तीन दिवस.
तीन दिवसांत काय काय बसवायचं, व्हर्लिन?
ब्रिट शुक्रवारी सुटली की तशीच निघणार,
म्हणजे टू हार्बर्सला पोचेपर्यंत अंधार.
तंबूची जागा मी मार्चमध्येच धरलीय,
सतरा नंबर, बर्चच्या झाडांत,
संडासापासून लांब, पाण्याचा आवाज येईल इतकी जवळ.
शनिवारी सकाळी गूजबेरी, गर्दी व्हायच्या आत.
मग धुरावलेल्या माशांचं दुकान.
मग काठावर गोटे चाळत बसायचं
(तुला अगेट सापडणार नाही, मला सापडेल,
आणि तू म्हणशील, ही तर बिअरच्या बाटलीची काच).
पाण्यात पाय घालायचे. मोजून तीस आकडे.
तिसापुढे आपल्या घरात अजून कुणी गेलेलं नाही.

तू पेन्सिलीनं धबधब्यांवर खुणा करतोयस.
मी बघतेय.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
तुझ्या सगळ्या खुणा रस्त्याला चिकटून आहेत.
कॅस्केडजवळ बारीक अक्षरात: ‘गाडी जवळ लागते’.
कड्यावरची वाट तू गाळलीस,
म्हणालास, तिकडे आता फार माणसं येतात.
माणसं?
खनिजाच्या धक्क्यावर चौतीस वर्षं काढलेला तू,
माणसांना कधीपासून कंटाळायला लागलास?
मी कॉफी ओतली. काही बोलले नाही.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

राहता राहिली ब्रूल नदी.
ती खडकावर दुभंगते,
अर्धी खाली कोसळते चारचौघींसारखी,
अर्धी एका रांजणात शिरते आणि संपते.
तिथे ब्रिटनं तिची लाल टोपी टाकली होती,
वय वर्षं सहा, तुझ्या खांद्यांवरून.
जाताना पायऱ्या उतरायच्या, येताना चढायच्या,
तू दोन्ही वेळा तिला खाली ठेवलं नाहीस.
मग सरोवराच्या तोंडाशी आपण तासभर उभे,
टोपी आत्ता येईल, मग येईल.
डास पोटभर जेवले.
टोपी आली नाही.

काल बॅटरी शोधायला तुझी पाठपिशवी उपसली.
बॅटरी नव्हती.
मोज्यात गुंडाळलेली छोटी बाटली होती,
जिभेखाली धरायच्या गोळ्यांची.
तारीख जूनची.
मी मोजा होता तसा गुंडाळला,
तुझ्यापेक्षा जरा नीटच,
तेवढ्यावरून तुला कळायला हवं होतं.

त्या रांजणाचं कोडं म्हणे सुटलं.
कुणीतरी वर नदी मोजली, खाली मोजली,
पाणी जेवढ्यास तेवढं.
म्हणजे हरवत काहीच नव्हतं,
नजरेआडून वाहत होतं, इतकंच.
टोपीचं मात्र कुणी सांगत नाही.

“माझा घोटा पुन्हा धरलाय,” मी म्हणते.
(घोटा ठणठणीत आहे.)
“त्या पायऱ्या मला नाही जमायच्या.
ब्रिट जाऊन येईल वर.
आपण खाली बाकावर बसू,
तू मला सोबत कर.”

तू एकदम खोडरबर पुढे करतोस.
इतका एकदम
की तुझ्या हातातली पेन्सिल खाली पडते
आणि दोघंही एकाच वेळी वाकतो,
मी घोट्याचं सोंग विसरून,
तू छातीवर हात ठेवून.

टेबलाखाली आपण क्षणभर एकमेकांकडे बघतो.
मग तू विचारतोस,
रविवारी पाय कुठल्या दुकानातला घ्यायचा,
ब्लूबेरीचा की सफरचंदाचा.