चौथा रकाना

गोंगाटाच्या तक्रारीसाठी आमच्या कौन्सिलात
एक फॉर्म आहे, फिकट हिरवा.
तारीख. वेळ. आवाजाचा प्रकार.
चौथा रकाना : आपल्यावर काय परिणाम झाला?
जागा दोन ओळींची.

लोवेस्टॉफ्टच्या बंदरामागच्या गल्लीतून
एनिड थर्कल, वय एक्क्याऐंशी, तळमजला,
यांनी पहिल्याच आठवड्यात अकरा पानं पाठवली.
अक्षर शाळेतल्या बाईंचं, रेघेवर बसलेलं :
"रात्री १२.४०. आधी घरघर, मग धडधड,
छतावरून कुणी पिंपं गडगडत नेतंय जणू.
१.२५ ला बंद.
परिणाम : उठले. चहा केला. प्यायले नाही."

मी नेहमीचं उत्तर पाठवलं.
आपली तक्रार मिळाली, कामकाजाच्या दहा दिवसांत कळवू.
भुंकणारं कुत्रं, पबचा जनरेटर, पहाटेचा दुधाचा ट्रक,
सगळ्यांना तेच दहा दिवस.
कानाडोळा करायचाच आम्हाला पगार मिळतो,
असं गावात म्हणतात.

कायदा विचारतो :
हा आवाज सर्वसाधारण माणसाला असह्य होईल का?
बावीस वर्षं झाली मला या खात्यात.
सर्वसाधारण माणूस अजून भेटला नाही.
असलाच कुठे तर झोपलेला असावा.

मग तिच्या कपाटावर यंत्र नेऊन बसवलं.
करडी पेटी, मायक्रोफोन, लांब वायरीला एक बटण.
आवाज आला की दाबायचं.
"आणि नाही आला तर?"
तर नाही दाबायचं, मी म्हटलं.

सोमवारी कचेरीत हेडफोन लावून
सँडविच खात ऐकल्या तिच्या सात रात्री.
पहिली : वॉशिंग मशीन, शेवटचा पिळा,
अडतीस डेसिबल, मर्यादेच्या जरा अलीकडे.
दुसरी : तेच.
तिसरी : खोकला, बशीवर चमचा, तेच.
पाचव्या रात्री मशीन नाहीच.
नुसती खोली, दूर कुठेतरी चुकार सीगल,
आणि तिचा आवाज, अगदी माझ्या कानाशी :
"ऐकताय ना? एक वाजला.
आज ती अजून कामावरून आली नाहीये."

सँडविच खाली ठेवलं.

वर राहते दाइवा. कोंबड्यांच्या कारखान्यात
दुपारची पाळी, सुटते मध्यरात्री.
मुलगा एक, त्याचा शाळेचा गणवेशही एक.
"साडेबारानंतर वीज अर्ध्या दरात," ती म्हणाली
आणि न विचारता मीटर दाखवला,
आरोपीनं खिसे उलटे करून दाखवावेत तसा.

नोटीस काढण्याजोगं काही नव्हतं.
उपद्रव सिद्ध होत नाही. शिक्का. सही.

शनिवारी, सुट्टीच्या दिवशी,
व्यायामशाळेतली टाकून दिलेली रबरी चटई
कापून घेऊन गेलो. हे नियमात बसत नाही,
म्हणून फाइलमध्येही नाही.
मशीनला एका बाजूनं मी, एका बाजूनं दाइवा,
चटई सरकवायला गुडघ्यांवर तिचा मुलगा.
व्हिएनस, दू, त्रीस,
असं तो मोजत होता त्यांच्या भाषेत.
एनिडबाई सपाता घालून दारात उभ्या,
या जिन्यावर पहिल्यांदाच चढलेल्या.
"अजून डावीकडे," त्या म्हणाल्या,
"मागचा पाय तिथे नाही, खिडकीकडे असतो."
आम्हाला दिसेना. त्यांना पाठ होतं.
वर्षभर खालून पाहत होत्या त्या.

दोन आठवड्यांनी एक हिरवं पान आलं.
फाइल बंद झालेली, लावायचं कुठे कळेना.
अजून माझ्या खणातच आहे.
"रात्री १२.४०.
प्रकार : गुरगुर. मांजर पायाशी बसल्यासारखी.
परिणाम : पोचली घरी. दिवा मालवला."