शिट्टीची तबकडी

आसगावच्या त्या नव्या बारमध्ये
एका कॉफीचे चारशे ऐंशी,
आणि भिंतीवर ठोकलेल्या तबकड्या.
खिळा मधल्या भोकातूनच घातलाय,
तेवढी तरी दया.

मालक गुडगावचा. त्याला हवा होता खरा आवाज,
पिनेचा, खरखरीचा, उबेचा.
त्याने कायतानबाबला शोधून काढलं
शिवोलीच्या जुन्या धक्क्यावर, गळ टाकून बसलेलं.

कायतान. वय अडुसष्ट.
एका पेटीत ऐंशी तबकड्या, अशा दोन पेट्या,
पंचवीस वर्षं हणजुण्याच्या खडकांवरून,
जनरेटरच्या धुरातून.
तबकड्यांचं विचारलं की तो कमरेवर हात ठेवतो :
"दोन चकत्या सरकल्यात. त्या अजून आहेत."
बाकीच्यांना पोटमाळ्यावर बुरशी आली,
उरल्यासुरल्या एका मे महिन्यात
गाडीच्या डिकीत पापड झाल्या.
आता सगळं पेनड्राइव्हमध्ये,
घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात.

मग मालकाला काय सांगायचं?
मी म्हापशाच्या आयटीआयची. तारा मला कळतात.
मी दोन तबकड्या मागवल्या
ज्यांच्यावर गाणं नसतं.
काळ्या, चकचकीत, खाचा अगदी नेमक्या,
आणि खाचांत फक्त एक शिट्टी,
काठापासून मध्यापर्यंत, न थांबता.
पिन ती शिट्टी वाचते, लॅपटॉपला सांगते
आपण कुठे आहोत, किती वेगात,
उलटे चाललोय की सुलटे.
गातो लॅपटॉप.
तो टेबलाखाली. त्याच्याशेजारी मी,
पडद्याआड, पाय दुमडून.

पहिल्याच शनिवारी कोणीतरी डोळे मिटून म्हणालं,
ही ऊब डिजिटलला नाही.
ऊब होती खरी.
पंख्यातून माझ्या गुडघ्यांवर येत होती.

ठोक्याला ठोका जुळवायचं एक बटण असतं.
मी एकदा त्याला न विचारता दाबलं.
कायतानने बोटं उचलली,
आणि उभा राहिला
भर नदीत कोणी वल्हं काढून घेतल्यासारखा.
पुन्हा नाही दाबलं.
खालून मला त्याचे फक्त बूट दिसायचे,
डावा टाचेवर, ठोक्याच्या जरासा आधी.

मग त्या रात्री वीज मिचकावली.
लॅपटॉप मेला. घाईत माझ्या हातून
भलतीच तार भलत्या भोकात,
आणि अख्ख्या बारने ऐकली
शिट्टी.
नागडी, सरळ, कुकर विसरून गेलेल्या घरासारखी.
मिटलेले डोळे उघडले.
मालकाची पावलं माझ्या दिशेने यायला लागली.

वरून कायतानने तबकडीला बोट लावलं.
शिट्टी खाली घसरली.
बोट काढलं, चढली.
मागे ओढली, तर बाकावरचं कुत्रं उठून बसलं.
एकीला तो दाबत होता, दुसरीला सोडत होता,
पहाटेचे दोन पोदेर
दोन वाड्यांतून एकमेकांना हॉर्न देत यावेत तसं काहीतरी,
आणि दोन्ही शिट्ट्या इतक्या जवळ आणल्या त्याने
की मधली फट थरथरायला लागली.
मी लॅपटॉप चालू केला होता.
तार हातात धरून बसून राहिले.
मालकाची पावलंही कुठेतरी मध्येच थांबली होती.

नंतर त्या मिटल्या डोळ्यांच्या माणसाने विचारलं,
ही कुठल्या साली निघालेली तबकडी?
कायतान म्हणाला, "दोन्ही बाजूंनी हेंच."

परतताना स्कूटरवर माझ्या मागे,
मांडीवर दोन्ही पाकिटं धरून.
हडफड्याच्या उतारावर मी विचारलं, जड नाहीत ना?
"ना गो."
रिकाम्याच आहेत, मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.
थोड्या वेळाने माझ्या कानामागे
शिट्टी वाजवू लागला, तोच सूर धरून,
किंचित बेसूर.