वारगाव, ६८०० किलोमीटर

कराराच्या दिवशी पाहुण्या महापौरबाईंचा फेटा
कानांवरून घसरत होता
आणि त्या तो सावरायचं सोडून हसत होत्या.
मी तेव्हा जनसंपर्क विभागात, खिडकीपासून चौथी खुर्ची.
भाषण मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे.
'भगिनी शहर' लिहिलं, खोडलं,
'बहीण' लिहिलं. साहेबांनी तेही खोडलं.
बहीण म्हटलं की प्रश्न येतात, ते म्हणाले,
थोरली कोण, माहेर कुणाचं,
साडीचोळी कुणी कुणाला करायची.
भगिनीच ठेवा.
भगिनीला कुणी काही विचारत नाही.

गावाचं नाव वारगाऊ.
इलाही पेंटरला वाटलं लिहिणाऱ्याची चूक झाली,
त्यानं फलकावर सुधारून रंगवलं : वारगाव.
कावळा नाक्यावर, वर हातकणंगले, खाली सांगली,
मधोमध हे, ६८०० किलोमीटर, बाण सरळ.
दुरुस्तीचा प्रस्ताव मी दोनदा ठेवला,
तोवर नाव रुळलं.
एक बाई एसटीत कंडक्टरला म्हणाली म्हणे,
वारगाव फाट्याला उतरीव रं,
लई लांब दिसतंय, पर जावंच लागंल.

बाईंच्या पायाचं माप घ्यायला
सुभाषनगरातून ईश्वरा सातपुते आले.
मोजे काढा, ते म्हणाले.
दुभाष्याला हे सांगणं बरं वाटेना.
मग सातपुते स्वतःच खाली बसले, बोटानं खूण केली.
कोऱ्या कागदावर पेन्सिल अंगठ्याभोवती वळली,
बाईंना गुदगुल्या झाल्या,
आणि दोन झेंड्यांच्या मधे, सबंध दिवसात
तेवढा एकच आवाज कुणी लिहून दिलेला नव्हता.
तीन महिन्यांनी जोड गेला, करकर वाजणारा.
पोच आली नाही.

बाई पुढची निवडणूक हरल्या.
आमच्याकडे सहा महापौर झाले, मग प्रशासक.
फाईलवर शेवटचा शेरा : पुढील आदेशापर्यंत.
दिवाळीला इकडून कार्ड जायचं, नाताळला तिकडून यायचं,
दोन्हींवर सही रबरी.

पंचगंगा त्रेचाळीसच्या वर गेली त्या रात्री
रेकॉर्ड रूम रिकामी करताना
फुगलेल्या कागदांत ही फाईल हाताला लागली.
पुसायला लागले आणि शाई बोटांवर आली.
तिसऱ्या दिवशी, वीज नसताना,
मोबाईलवर एक पत्र.
महापौरांचं नव्हे. तिथल्या पाणीखात्यातला कुणी हान्नो,
पद माझ्यासारखंच, यादीत शेवटून दुसरं.
शुभेच्छा नाहीत, दृढ मैत्री नाही.
एवढंच : पाणी कुठवर?
सोबत फोटो, त्यांच्या नदीकाठची एक भिंत,
भिंतीवर पुराच्या रेघा, रेघेपुढे साल,
चौकटीवर पोराची उंची मांडावी तशा.

मी राजाराम बंधाऱ्याची पातळी कळवली.
त्याला कळावं म्हणून फुटांचे सेंटिमीटर केले.
त्रेचाळीसचे तेराशे दहा होतात.
आपल्याच नदीचा तेवढा मोठा आकडा
मी पहिल्यांदा पाहत होते.

तेव्हापासून जुलैत तो विचारतो,
त्यांच्याकडचं बर्फ सुटलं की मी.
याला मंजुरी नाही, लेखाशीर्ष नाही,
जावक क्रमांक तर नाहीच.

परवा त्यानं कळवलं,
जुन्या महापौरबाई बागेत अजून ती चप्पल घालतात.
डाव्या पायाचा अंगठा तुटलाय,
इथला चांभार म्हणतो, असलं काम आपण पाहिलं नाही.

सुभाषनगरात गेले. सातपुत्यांना आता कमी दिसतं,
पण पत्र्याच्या पेटीतून कागद बरोबर काढला,
पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला.
माप हाय की, म्हणाले,
पर बारा वर्सं झाली.
ह्या वयात पाय वाडत न्हाई, पसरतो.
जुन्या मापावर जोड कसा शिवू?
इचारून घे.

रात्री मी हान्नोला लिहिलं :
बाईंना कोऱ्या कागदावर उभं करा.
पेन्सिल सरळ धरा.
मोजे काढून.