जायफळ

नाव ठेवलं ते रंगावरून,
आणि थोडं आशेवरूनही.
उगाळून देतात ना बाळांना, झोप लागावी म्हणून.
तीन महिन्यांचा झालाय.
अजून मात्रा लागू पडलेली नाही.

विक्रोळी, कन्नमवार नगर, तिसरा मजला.
ओट्याला खेटून माझं ऑफिस:
इस्त्रीचं टेबल, वर कंपनीचा लॅपटॉप,
खाली वायरी,
वायरींच्या खाली तो.

नऊला लॉग-इन.
नऊ वाजून चार मिनिटांनी डावी चप्पल.
मग पायपुसणं, जे हल्ली
पाय सोडून बाकी सगळं पुसत घरभर फिरतं.
साडेनऊच्या मीटिंगला मी
वर इस्त्रीचा कुर्ता, खाली विटकी नाइट पँट,
आणि पँटच्या टोकाला लोंबणारे
साडेचार किलो.
"यामिनी, तुम्ही हलताय का?" पारुळेकर सर विचारतात.
"नेट, सर."
नेट बिचारं.

माझं काम नुकसान मोजायचं.
लोक फॉर्म भरतात, मी रकाने तपासते:
काय गेलं, कधी, किती रुपयांचं, कारण.
कुणाचं शटर वाकलं, कुणाचा फ्रीज जळाला,
मी लिहिते: घसारा वजा.
लिहिते: पुरावा अपुरा, फोटो पुन्हा पाठवा.
आणि टेबलाखाली पुराव्यांचा खच.
चार्जर, दुसरा.
कढीपत्त्याची कुंडी, मुळासकट.
दुखंडे काकूंच्या गच्चीत वाळणाऱ्या कुरडया, अकरा.
काकूंनी मोजून ठेवल्या होत्या.

भुंकण्याचं काही नाही, म्यूट असतं.
शांततेला मात्र बटण नाही.
घर एकदम गप्प झालं की
मी वाक्य अर्धं टाकून पळते
आणि पलंगाखाली दोन डोळे सापडतात,
तोंडात सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल.
बरं, निदान तेवढी समज आहे.

बुधवारी एक फोन होता. मुलुंडच्या कमल अवसरे.
नवरा जाऊन सात आठवडे.
ठरलेले प्रश्न, ठरलेल्या आवाजात:
नॉमिनीचं पूर्ण नाव. पॉलिसी नंबर. तारीख.
कारण.
कारणापाशी त्या थांबल्या.
मीही थांबले, आम्हाला तसं शिकवलंय, चार सेकंद.
तिसऱ्या सेकंदाला माझ्या कुकरची शिट्टी झाली
आणि हा जो सुटला.
मी घाईत काहीतरी दाबलं, ते म्यूट नव्हतं.
सॉरी मॅडम, सॉरी, एक मिनिट, जायफळ, गप, सॉरी मॅडम.

पलीकडे काहीच नाही. मग:
"पिल्लू आहे का?"
"हो."
"कुणावर भुंकतंय एवढं?"
"कुकरवर."
त्या हसल्या,
आणि हसता हसता दचकल्या,
जणू घरात दुसरंच कुणी हसलं.
"यांनाही आवडायची नाही शिट्टी," म्हणाल्या.
"म्हणायचे, सांगून येत नाही."
मग काय खातो, रात्री रडतो का,
दात शिवशिवत असतील, थंड गाजर द्या,
फ्रीजमधलं, पण सोलून.

आमचे कॉल रेकॉर्ड होतात, दर्जा सुधारण्यासाठी.
ठरलेला वेळ सहा मिनिटं.
हा एकोणीस झाला.
सरांनी कारण मागितलंय, लेखी.

सहाला लॉग-आउट.
आणि त्याच मिनिटाला, अगदी त्याच,
तो झोपतो.
उजव्या पावलावर हनुवटी टाकून,
अर्धं गाजर पंजाखाली दाबून,
दिवसभर ऑफिस जणू त्यानेच चालवलं.

पायाला मुंग्या आल्यात.
दळण आणायचंय, गिरणी साडेसातला बंद होते.
दुधाचं पातेलं गॅसवर तसंच.
मी हलत नाही.
वाकून, एका हाताने लॅपटॉप ओढते
आणि त्या रिकाम्या रकान्यात टाइप करते:
कारण, कुकर.
पुरावा, झोपलाय.
कृपया उठवू नये.