चीक

मे महिन्यात जळगावात मेणसुद्धा ऐकत नाही.
ब्लॉक मऊ पडतो, पातं घसरतं,
मग कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणायचा,
त्यावर ब्लॉक उपडा ठेवायचा.
रसवंतीवाल्याला वाटतं, लॅबमध्ये रोज पाहुणे येतात.

नंबर चारशे सोळा.
उखर्डू भिका कोळी, एकाहत्तर, तालुका चोपडा.
गाठ साधी निघाली, रिपोर्ट कधीच गेला.
उरलेला तुकडा मॅडमच्या संशोधनाला:
पुरुषाच्या या ग्रंथीत सापडतं का प्रोलॅक्टिन,
बाळंतिणीला पान्हा फोडणारं.

अंगठा देताना त्यानं विचारलं होतं,
काय धुंडी राह्यनी वं माय?
सांगितलं.
मी काय बाई शे का, म्हणून हसला,
खोकला येईपर्यंत.
मग शाईचा अंगठा तसाच हवेत धरून म्हणाला,
धाकल्याची आई सव्वा महिन्यात गेली.
रात्री पोरगं छातीला तोंड लावायचं.
लावू द्यायचो.
काय करता.

पाच मायक्रॉनचा काप
कोमट पाण्यावर सायीसारखा पसरला,
काचेवर अलगद उचलून घेतला.
अँटिबॉडी घालून रात्रभर फ्रीजमध्ये, ओल्या डब्यात.
दोन वाजता लाइट गेली
आणि मी घरी पंख्याखाली दचकून उठले.

सकाळी आधी काहीच नाही.
मग ग्रंथींच्या कडेकडेनं
तपकिरी.
हा रंग मला मायक्रोस्कोपच्या आधीपासून ठाऊक.
बाबा सावद्याला केळीच्या वॅगनी भरायचे,
आईनं त्यांच्या बनियनला लिंबू लावलं, रॉकेल लावलं,
शेवटी त्याचं पोतेरं केलं,
तरी डाग होताच.

मॅडम म्हणाल्या, फिरके, गोष्टी रचू नका.
एकतीसपैकी चोवीस पॉझिटिव्ह आहेत,
ज्यांनी जन्मात पोर कडेवर घेतलं नाही, त्यांचेही.
बरोबर आहे.
शेजारची काच, जिच्यावर अँटिबॉडी घातलीच नव्हती,
निळीच्या निळी.
मी वहीत लिहिलं: पेशींत, मध्यम, दोन अधिक.

उपचार यानं बदलत नाही.
फोन करून सांगावं असंही काही नाही.
तरी रजिस्टर उघडलं.
नंबर आहे.
नातेवाइकाच्या रकान्यात कुणीतरी घाईत लिहिलंय
धाकला.
नाव नाही.