काळी चार

मे महिन्यात ज्यांना जायला गाव नव्हतं,
किंवा गाव होतं पण बोटीच्या तिकिटाचे पैसे नव्हते,
त्यांची ही मंडळी.

ठाकुरद्वारच्या शाळेचं सभागृह सुट्टीत रिकामं.
भाडं दिवसाला सव्वा रुपया, पंख्यांचे वेगळे.
पंखे मंडळींनी कधीच घेतले नाहीत.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर
मोरेश्वर नवलकरांचं तिरकं अक्षर:
‘ग्रीष्म संगीत मंडळी. सभासद अकरा.
पायपेटी एक, जुनी. काळी चार वाजत नाही.’
खाली, वेगळ्या शाईत: ‘पुढच्या वर्षी बघू.’

नवलकर गोदीत मालाची नोंद करायचे
आणि गायचे काळी एकमध्ये,
म्हणजे नेमका पंचमच मुका.
हेडमास्तरांच्या खुर्चीवर शाल टाकून
ते राजा म्हणून बसत, ताना घेत वर चढत,
आणि पंचमापाशी पेटीतून नुसती हवा.
मग विंगेतला द्वारपाल, दोन दासी, चहा आणलेला पोऱ्या
तो स्वर आपापल्या गळ्यातून पुरवायचे.
शिकवलं कुणी नव्हतं.

राजवाड्याचा पडदा फळ्यावर टांगलेला.
एकदा वाऱ्यानं उडाला
तर राजकन्येच्या मागे सतराचा पाढा,
आणि तिसऱ्या रांगेतल्या एका मुलानं
तो शेवटपर्यंत म्हटला.

नवलकर गेले ते भर मार्चात, तालमी तोंडावर.
पुढे कारभारी कोण, यावर दोन रविवार भांडण.
धाकटे नवलकर म्हणाले, नाव आमचं.
रांगणेकर म्हणाले, पेटी माझ्या खोलीत असते.
द्वारकाबाई शिरोडकर, बारा वर्षं दासी,
काही बोलल्या नाहीत.
वही उचलली आणि थकलेली वर्गणी
नावानिशी वाचायला लागल्या.
तिसऱ्या नावापाशी निवडणूक संपली.

पण बाईंची पट्टी काळी चार.
आता षड्जच नाही.
सतरा उन्हाळे त्या गायल्या
आणि विंगेत अख्खी मंडळी सा धरून उभी,
घामानं मिशा ओघळलेला सेनापतीसुद्धा.
दुरुस्तीचे पैसे दोनदा जमले.
एकदा शिंप्याच्या मुलीच्या बाळंतपणात गेले.
दुसऱ्यांदा संपाच्या वर्षी. वहीत नोंद आहे:
‘प्रेक्षक तीनशे दहा. उत्पन्न निरंक.
चहा सत्तेचाळीस रुपये. खेळ रंगला.’

मग तीन वर्षं परेरा मास्तर, खोताच्या वाडीतले.
त्यांनी कागदावर स्वर लिहून आणले
आणि पुढे उभं राहून काठी हलवली.
प्रेक्षकांना वाटलं, माश्या हाकलताहेत.
त्यांच्या कागदावर एका ओळीत
दर वेळी लाल पेन्सिलीनं गोल असे:
‘इथे पेटी नाही, माणसं.’

नंतर मी, सुनीती तांडेल. प्रॉम्प्टर होते.
सगळ्यांचे शब्द मलाच पाठ,
म्हणून वही माझ्याकडे आली,
आणि वहीबरोबर शाळेच्या शिपायाची किल्ली,
पाण्याच्या पिंपाचं भाडं,
कोण कुणाशी बोलत नाही याची यादी.

पहिल्याच वर्षी मी पेटी दुरुस्त करून घेतली.
नवी पितळी पट्टी, छत्तीसशे रुपये,
अर्धे माझ्या भिशीतले.

त्या रात्री पहिल्या अंकात मुग्धानं सा लावला.
पेटीनं दिला, स्वच्छ, सरळ.
आणि विंगेतून सगळ्यांनीही दिला.
पेटी ऐकूच आली नाही.

मध्यंतरात कारागीर आत आला,
कपाळ पुसत, काळजीत:
बाई, सूर नीट लागला नाही का?
लागला, म्हटलं. चहा घ्या.

शाळा परवा उघडते. फळा पुसून द्यायचाय.
वहीत लिहिलं: ‘काळी चार वाजते.’
आणि खाली, वेगळ्या शाईसाठी,
दोन ओळी मोकळ्या सोडल्या.